आम्लीकरणामुळे प्रवाळांचे सहजीवी जिवाणू संकटात
हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते व पाण्याचा सामू म्हणजेच पीएच घटतो. औद्योगिक क्रांतीपासून तो सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. याचा परिणाम प्रवाळांच्या सांगाड्यांप्रमाणेच त्यांच्या शरीरातील जिवाणूंवरही होतो.

पापुआ न्यू गिनीतील मिल्न उपसागरात समुद्रतळातून ज्वालामुखीजन्य कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. त्यामुळे भावी समुद्राची कल्पना तेथे आजच येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बुडबुड्यांजवळील एका प्रवाळ जातीत एन्डोझोइकोमोनास या सहजीवी जिवाणूंचे प्रमाण निम्म्याने कमी आढळले. ही जातही तेथे विरळ होती. काही स्पंजांत मात्र प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू वाढले होते आणि ते स्पंज विपुल होते. आम्लीकरणात कोणता जीव तगेल, हे त्याच्या सोबती जिवाणूंवरही अवलंबून असू शकते.