नौकेंतील ऊब

भोसरीस राहून नौकेविषयीं लिहावयास बसणें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. घाट उतरल्यावांचून येथून समुद्र गांठतां येत नाहीं, आणि आमच्या भोंवतीं जो आवाज चालतो तो लाटांचा नसून पत्रा कापणाऱ्या यंत्रांचा असतो. तथापि शेजारींच दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आणि तें ज्या इंजिनियर दलाचें, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनीं १९८५ ते १९८७ या काळांत ‘तृष्णा’ नांवाच्या अवघ्या ३७ फुटी शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्या जागेंत माणसें जेवलीं कशीं, निजलीं कशीं, हा प्रश्न कोणासही सुचेल. थंड समुद्रांत अशा नौकेंत ऊब कशी राखावी, हा प्रश्न मात्र आमच्या वाचकांस सहसा सुचणार नाहीं. याचें कारण आमच्या किनाऱ्यावरच सांपडतें.

कोंकणच्या मचव्यावर व पत्तेमारीवर अग्नि होता, पण तो अन्नापुरता. लांकडी पेटींत माती किंवा वाळू भरून तींत चूल मांडावी, ती उघड्यावर ठेवावी आणि भात-कालवण झालें कीं विस्तव विझवावा, असा परिपाठ. तेल प्यालेल्या लांकडांत विस्तव बाळगणें म्हणजे काय, हें तांडेलास कोणी शिकवावें लागत नसे. पावसाळ्यांत गलबतें किनाऱ्यावर ओढलेलीं; नारळी पौर्णिमेला दर्या पुन्हां खुला. उरलेल्या महिन्यांत थंडी ती काय, एका घोंगडीपुरती! शरीर शेकण्यासाठीं नौकेच्या पोटांत अग्नि न्यावा, ही गरज आमच्या दर्यावर्दी लोकांस पडलीच नाहीं.

उत्तरेकडील खलाशांस ती पडली. परंतु गंमत अशी कीं, त्यांच्यांतील एका मोठ्या कप्तानाचा पहिला हेतु ऊब हा नव्हताच, ओल घालविणें हा होता. कप्तान कुक यानें १७७२ ते १७७५ च्या सफरींत दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलें. जहाजाच्या खालच्या मजल्यांवर लोखंडी भांड्यांतून विस्तव फिरवून तेथील कोंदट हवा कोरडी करण्याचा त्याचा नेम असे. खलाशांच्या आरोग्याविषयींच्या त्याच्या निबंधास रॉयल सोसायटीनें १७७६ सालीं कॉप्ली पदक दिलें. पण कुकपाशीं मोठें जहाज होतें आणि विस्तवावर पहारा करावयास माणसें होतीं.

लहान नौकेंत ही सोय कोठून? या बाबतींत जोशुआ स्लोकम याचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. हा गृहस्थ १८९५ च्या एप्रिलांत बोस्टनहून ‘स्प्रे’ नांवाच्या सुमारें ३७ फुटी, म्हणजे तृष्णेएवढ्याच, नौकेंतून एकटा निघाला व १८९८ च्या जूनमध्यें प्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्यानें हें करणारा तो जगांतील पहिला मनुष्य. मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या थंडींत शिरण्यापूर्वी त्यानें माँटेव्हिडिओ येथें एक लोखंडी पिंप घेतलें, हवा खेळावी म्हणून त्यास खालीं भोंकें पाडलीं आणि धुराची नळी पुढच्या खोलीच्या छतांतून वर काढली. दाराच्या तांब्याच्या बिजागऱ्या गोदींतील एका उमेदवार पोरानें हौसेनें घांसून लख्ख केल्या! ही शेगडी ओलें लांकूडही जाळी. किंमत म्हणाल तर जवळजवळ कांहींच नाहीं. परंतु खालून हवा यावी, वरून धूर जावा, हीं दोन्ही तत्त्वें तींत पुरतीं उतरलीं होतीं.

पुढच्या पिढीला धुराड्यावांचून भागेलसें वाटूं लागलें, याला कारण प्रायमस स्टोव्ह. स्वीडनच्या लिंडक्विस्टनें १८९२ च्या सुमारास काढलेला हा पंपाचा स्टोव्ह पुढें आमच्या स्वयंपाकघरांतही वर्षानुवर्षें फुरफुरत होता. १९१६ सालीं शॅकल्टन व त्याचे पांच सोबती ‘जेम्स केअर्ड’ या साडेबावीस फुटी होडींतून सोळा दिवस दक्षिण महासागर कापीत दक्षिण जॉर्जियास पोंचले, ते या स्टोव्हवर शिजविलेल्या ऊन अन्नाच्या बळावर. एकानें स्टोव्ह पायांत घट्ट धरावा आणि होडी उसळली कीं दुसऱ्यानें भांडें वर उचलावें, अशी पाकशाळा!

पण उघड्या ज्योतीचे दोन दोष डोळ्यांस दिसत नाहींत. एक लिटर रॉकेल जळलें कीं सुमारें तेवढेंच पाणी वाफेच्या रूपानें हवेंत मिसळतें. तें गार भिंतींवर दंवासारखें जमतें आणि अंथरुणांत मुरतें. म्हणजे जी ओल कुक घालवूं पाहत होता, ती हा स्टोव्ह घरांत आणतो. दुसरा दोष प्राणघातक आहे. हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हीमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरतें. १९३४ च्या हिंवाळ्यांत अमेरिकन दर्यासारंग बर्ड अंटार्क्टिकावरील एका झोपडींत एकटा राहिला असतां, शेगडीच्या सदोष नळीनें व विजेच्या यंत्राच्या धुरानें मरणाच्या दारीं गेला. लोकांनीं जिवावर उदार होऊन आपल्याकडे धांवत येऊं नये म्हणून त्यानें आपला आजार लपविला; पण तारायंत्रावरील त्याचे संदेश विस्कळित होऊं लागले, त्यावरून दूरच्या तळावरील सोबत्यांस संशय आला, आणि ऑगस्टांत तिघे जण त्याच्यापाशीं पोंचले. झोपडी जमिनीवर होती एवढेंच. लहान नौकेची बंद खोली ती हीच.

आमच्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला तो अगदीं अलीकडे. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले आणि केप हॉर्नला वळसा घालून २०१० च्या मे महिन्यांत परतले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्यें ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी त्याच थंड पाण्यांतून गेल्या. जेथें घर बांधावयाचें तें उन्हाचा ताप चुकविण्यासाठीं, त्या मुलखांतल्या कारागिरांनीं घडविलेल्या या नौका छप्पन्न अंशांच्या दक्षिण अक्षांशापर्यंत पोंचल्या!

अशा प्रवासास आज मिळणारी शेगडी मूळ मोटारगाड्यांसाठीं निघालेल्या जातीची, डिझेलवर चालणारी आहे. तिचा अग्नि बंद कोठडींत असतो. जळावयाची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आणि खोलींतील हवा पंख्यानें त्या कोठडीच्या तापलेल्या अंगावरून फिरून परत येते. दोन्ही हवांची भेट होत नाहीं. म्हणून ओलही वाढत नाहीं. तरी सांधा केव्हां सुटेल याचा नेम नसल्यामुळें निजण्याच्या जागेजवळ वायुसूचक घंटी हवीच. धुराची नळी लालबुंद होण्याइतकी नसली तरी लांकूड करपविण्याइतकी तापते. तिला अग्निरोधक वेष्टण घालावें लागतें.

भोसरीच्या कोणत्याही कारागिरास ही नळी वांकविणें कठीण नाहीं. मात्र तो माप घेतो सपाट जमिनीवर, आणि शिडाची नौका वाऱ्यानें एका अंगावर कलून तासन् तास चालते. उभ्या नौकेंत पाण्यापासून हातभर उंच असलेलें नळीचें तोंड मग पाण्याखालीं जातें, व लाट सरळ शेगडींत शिरते. यासाठीं नळी आंतून प्रथम उंच नेऊन, हंसाच्या मानेसारखा वळसा देऊन, मगच बाहेर काढतात; आणि त्या वळशाची उंची नौका उभी असतां नव्हे, तर पुरती कललेली धरून मोजतात.