पवित्रा

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या कोपरखैरण्यात हलगीचा कडकडाट सुरू होतो. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांशेजारी नवी वस्ती उभी राहिली. तिच्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडील माथाडी कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने आली आणि त्यांच्यासोबत गावाकडचा मर्दानी खेळही आला. 19 फेब्रुवारीच्या मिरवणुकीत दिवसभर ओझी वाहणारी माणसे फेटा बांधून दांडपट्टा फिरवू लागतात, तेव्हा ती आपल्याला ओळखू येत नाहीत, इतकी त्यांची चर्या पालटलेली असते.

अशाच एका वर्षी आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. मुलांच्या देखाव्यासाठी वसईची लढाई निवडली होती आणि आमच्या थोरल्याला सांगण्यात आले, की तू ख्रिस्ती आहेस, तेव्हा तू फिरंगी हो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. पण मुलगा घरी आला तो मान खाली घालून. "बाबा, आपण फिरंगी आहोत का?" या त्याच्या प्रश्नावर आम्हां उभयतांना चटकन उत्तर सुचले नाही. ते शोधताना पोशाख आणि पवित्रा या दोन गोष्टींचा जो विचार झाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पोशाखापासून आरंभ करू. युद्धाची नक्कल करणारा माणूस आधी वेष का करतो? केवळ शोभेसाठी नव्हे. मर्दानी खेळातील कमरेचा शेला कंबर बांधून ठेवतो आणि फेटा डोक्याचे रक्षण करतो. पट्ट्याची मूठ तर कोपरापर्यंत हात झाकणारी असते. तिच्यात मनगट वळत नाही, म्हणून सारा जोर खांद्यातून आणि पावलांतून आणावा लागतो. पट्टेकऱ्याची ती ताठ, घुमणारी चाल दिमाखासाठी नसते. शस्त्रच त्याला तसे उभे राहायला लावते. 2024 मध्ये हा दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला.

या उभे राहण्यालाच आपल्या भाषेत 'पवित्रा' म्हणतात. वस्ताद शिष्याला शस्त्र देण्याआधी पवित्रे शिकवतो. खेळाडू प्रथम भूमीला, शस्त्राला आणि वस्तादाला वंदन करतो. दुसऱ्याच्या तळहातावरील लिंबू पट्ट्याने कापताना तर सर्वांचा श्वास रोखला जातो. तेथे खेळाडूच्या मनातील बढाई पात्यात उतरली, तर समोरच्याचा हात जाईल. म्हणून मर्दानी खेळातील खरा रुबाब शांत असतो. 1878 च्या हत्यारबंदीच्या कायद्यानंतर ही विद्या रणांगणाची उरली नाही. तिचा खेळ झाला, पण शिस्त तीच राहिली.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत बर्कले येथे 1966 मध्ये मध्ययुगाची हौस असलेल्या मंडळींनी एक संस्था काढली. तेथे चिलखत घालून, वेताच्या जाड काठीची तलवार करून माणसे झुंजतात. सतराव्या शतकापूर्वीच्या वळणाचा पोशाख करण्याचा निदान प्रयत्न प्रत्येकाने करावा, असा त्यांचा दंडक आहे. पण त्याहून मोलाचा नियम वेगळाच आहे. वार लागला की नाही, हे ज्याला वार लागला त्यानेच सांगायचे. चिलखताच्या आत काय घडले ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? म्हणजे जेथे सर्वांत जास्त सोंग, तेथेच सर्वांत जास्त सचोटी हवी!

आपल्या धर्मबांधवांनाही हे सोंग परके नाही. केरळच्या किनाऱ्यावरील कॅथलिक समाजात 'चविट्टुनाटकम्' हा नाट्यप्रकार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्यात शार्लमेन राजाच्या लढाया फळ्यांच्या रंगमंचावर पाय आपटीत खेळल्या जातात. मुकुट, झगे, शिरस्त्राणे सारी युरोपीय थाटाची, भाषा तमिळ-मलयाळम आणि अंगातील ताल तिथल्या मातीचा. ते कलावंत फ्रेंच नव्हेत आणि त्यांना तसे कोणी समजतही नाही.

आता वसईकडे वळू. सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. दोन्ही बाजूंची माणसे शर्थीने लढली होती. तहाची कलमे ठरली, त्यांत पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत बाहेर पडण्याची मुभा दिली गेली. जे येथेच राहतील, त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मिळाली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची मान खाली घालविली नाही, हे त्या विजयाचे भूषण होय.

आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. नगारे वाजवीत गेले ते फिरंगी. वसई-साष्टीच्या वाड्यांतून, शेतांतून, मासेमारीच्या होड्यांतून जे राहिले, ते आपले पूर्वज. पोर्तुगीज गेले म्हणून त्यांची भाषा बदलली नाही, की गाव सुटले नाही. आणि गंमत अशी, की मराठ्यांच्या एका सरळ, लांब तलवारीचे नावच 'फिरंग' आहे, कारण तिची पाती युरोपातून येत. पाते तिकडचे, मूठ इकडची. इतिहासाच्या म्यानात अशी सरमिसळ पुष्कळ असते.

आम्ही हे सारे मुलाला सांगितले आणि निवड त्याच्यावर सोपविली. तो म्हणाला, "मी फिरंगी होईन, पण विदूषक होणार नाही." देखाव्यासाठी आणलेली टोपी चेष्टेची होती. ती बाजूला ठेवून त्याच्या आईने जुन्या काळ्या कापडाचा साधा डगला शिवला. शेजारच्या वस्तादांना आम्ही तहाचे कलम वाचून दाखविले. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी स्वतः मुलाला ताठ उभे राहायला शिकविले. शत्रू बावळट दाखविला, तर त्याला जिंकण्यात आपली शोभा ती काय, असे त्यांचे म्हणणे पडले. मिरवणुकीत आमचा मुलगा नगारा वाजवीत किल्ल्याबाहेर पडला आणि मावळ्यांच्या वेषातील त्याच्या मित्रांनी तलवारी खाली करून त्याला वाट दिली.

मार्च 1522 मध्ये इग्नेशियस लोयोला माँत्सेरातच्या मठात गेले, त्याची या प्रसंगी आठवण होते. शूरांच्या कथा वाचून वाढलेल्या त्या सरदाराने आपला उंची पोशाख एका भिकाऱ्याला दिला, तलवार व खंजीर मातेच्या वेदीपाशी ठेवले आणि रात्रभर प्रार्थनेत जागरण केले. दुसऱ्या दिवशी त्या भिकाऱ्यावर कपडे चोरल्याचा आळ आला. ते ऐकून इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी आले. लोकांनी माणसाकडे न पाहता पोशाखाकडे पाहिले होते.

आपल्या मुलांना अशा देखाव्यांपासून दूर ठेवू नये, असे आम्हांला वाटते. त्यांना मावळा होऊ द्यावे, प्रसंगी फिरंगीही होऊ द्यावे. पोशाख संध्याकाळी उतरतो आणि पेटीत जातो. पवित्रा मात्र अंगात राहतो. तो कसा असावा, एवढे तेवढे आपण घरी शिकवावे.