दातांच्या फटी आणि आंब्याचं पान

दातवण म्हटलं की देशावरच्या माणसाला कडुनिंब आठवतो. पण कडुनिंब हे कोरड्या हवेचं झाड. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, अणशी आणि कॅसलरॉकच्या रानात इतका पाऊस कोसळतो की तिथे ते क्वचितच दिसतं. घाटातल्या आणि किनाऱ्यावरच्या घरांनी म्हणून आंब्याचं पान जवळ केलं. पान दुमडून दातांवर चोळायचं, मग मधली शीर वेगळी काढून, वाकवून जीभ खरवडायची. एका पानात दोन अवजारं, आणि त्यांचा क्रमही ठरलेला: आधी दात, मग जीभ.

हा क्रम फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाची काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी, तिला गाठी नसाव्यात, असं सांगितलं आहे. कडू चवीत निंब उत्तम, तुरटात खैर, तिखटात करंज. यातला करंज जोयड्याकडच्या काळी नदीच्या काठावर आजही उभा आहे. दातांनंतर जीभ, आणि त्यानंतर तेलाची गुळणी. सातव्या शतकात नालंदाला राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही भारतातल्या दातवणाचं बारकाईने वर्णन केलं. काडीचं टोक चावून मऊ करायचं, दात घासून झाले की तीच काडी चिरून, वाकवून जीभ साफ करायची. आंब्याच्या शिरेची युक्ती हीच.

मग दातांच्या फटींचं काय? फट ही सकाळच्या विधीत कधी आलीच नाही. ती जेवणानंतरची बाब राहिली. त्यासाठी दातकोरणं असे. सुखवस्तू घरांत चांदीचं, कानकोरण्याबरोबर एकाच कडीत अडकवलेलं. बाकीच्यांना बांबूची कामटी किंवा झाडूची काडी. सुपारीच्या मुलखात, जिथे जेवणानंतर पान हवंच, तिथे या काडीला उसंत नव्हती. काडी अडकलेला धागा काढते, पण दाताच्या कुशीला चिकटलेला मऊ थर ती खरवडत नाही. दातकोरण्याच्या साऱ्या परंपरेतली उणीव इथे आहे.

उत्तर कानडा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड, १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात राहिला. मंजनाचा मोठा धंदा उभा राहिला तोही मुंबईतच. नोगी कंपनीची माकडछाप काळी पावडर घरोघर पोहोचली, कोलगेट १९३७ मध्ये भारतात आली, आणि केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोने पुढे वज्रदंती बाजारात आणली. त्याआधी चुलीतली राखुंडी आणि मीठ होतंच. राखेने दात पांढरे दिसतात, पण खरखरीत राख वर्षानुवर्षं घासली तर वरचं कवच झिजतं.

याहून वाईट मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळायची, आणि त्याला दात घासणं म्हणायचं! महाराष्ट्रात, कोकणात कष्टकरी बायकांना हिने आयुष्यभर धरून ठेवलं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोहोचत नाही. तिथे घरातल्याच कुणीतरी बोलायला हवं.

फटीसाठी दोरा हा उपाय न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्म्ली या दंतवैद्याने सुचवला. त्याच्या १८१९ च्या पुस्तकात दातांमधून मेण लावलेला रेशमी दोरा फिरवायला सांगितलं आहे. १८८२ मध्ये कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीने बिनमेणाचा रेशमी दोरा विकायला काढला, १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. यात डॉ. चार्ल्स बास यांचा वाटा मोठा. भारतात मात्र पहिलं दंत महाविद्यालयच १९२० मध्ये, कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढलं. दोरा आपल्या मोरीत उशिरा आला, तो ब्रश आणि पेस्टच्या मागून. म्हणून बहुतेकांच्या मनात तो ब्रशनंतरचाच राहिला.

क्रम खरंच महत्त्वाचा आहे का? २०१८ मध्ये इराणमधल्या संशोधकांनी २५ दंतविद्यार्थ्यांवर दोन्ही क्रम करून पाहिले. आधी दोरा आणि मग ब्रश केल्यावर फटींतला थर जास्त कमी झाला आणि तिथे फ्लोराइडही जास्त टिकलं. कारण उघड आहे. दोरा थर सैल करतो, ब्रश आणि चूळ तो बाहेर नेतात, आणि मोकळ्या झालेल्या फटीत पेस्टमधलं फ्लोराइड शिरतं. अभ्यास लहान आहे. अमेरिकेची दंतवैद्यक संघटना तर दोन्ही क्रम मान्य करते. दोरा रोज फिरला पाहिजे, एवढाच तिचा आग्रह.

तरीही निवडायचंच असेल तर आधी दोरा, मग ब्रश. रात्री, जेवण आणि पान दोन्ही झाल्यावर. दोरा हिरडीवर दाबून ओढू नये. प्रत्येक दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा देऊन वरखाली फिरवावा आणि पुढच्या फटीत त्याचा नवा भाग घ्यावा. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून सोडू नका. आठवड्या-दोन आठवड्यांनीही ते थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा.