नासिक लेणी

(पांडव लेणी, त्रिरश्मी लेणी). महाराष्ट्रातील नासिक शहराच्या नैर्ऋत्येस सु. ८ किमी. वर, देवळाली कॅम्पच्या वायव्येस, मुंबई-आग्रा मार्गालगतच्या डोंगरात खोदलेला २४ शैलगृहांचा समूह. डोंगराचे नाव शिलालेखांत ‘तिरण्हु’ (त्रिरश्मी) असे येते. पांडवांशी या लेण्यांचा काहीही संबंध नाही. खोदकामाचा इतिहास विस्मृतीत गेल्यावर लोकांनी ते नाव रूढ केले. ही लेणी मुख्यतः बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी इ. स. पू. पहिल्या शतकापासून कोरली गेली. शिल्पदृष्ट्या अजिंठा-वेरूळची बरोबरी ती करीत नसली, तरी सातवाहन व क्षहरात या दोन घराण्यांतील संघर्षाचा आणि तत्कालीन अर्थव्यवहाराचा इतका सुसंगत दगडी दप्तर अन्यत्र क्वचितच आढळतो.

जगातील अनेक प्रसिद्ध गुहा, उदा., अमेरिकेतील मॅमथ व फ्रान्समधील लास्को, चुनखडकात पाण्याच्या क्रियेने तयार झाल्या आहेत. चंद्रावरही प्राचीन लाव्हाप्रवाहांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांची मुखे अवकाशयानांनी टिपली आहेत. दख्खनचा बेसाल्ट चुनखडकाप्रमाणे पाण्यात विरघळत नाही. तेथील लेणी छिन्नी-हातोड्याने घडविली गेली व त्यासाठी दाता, द्रव्य आणि राजाश्रय यांची गरज होती. त्यामुळे कोणी, केव्हा व कशासाठी खोदविले, हे भिंतींवर नोंदले गेले.

समूहातील १९ क्रमांकाचे लहान विहार सर्वांत जुन्यांपैकी एक. ते सातवाहन राजा कृष्ण याच्या कारकीर्दीत नासिकच्या एका महामात्राने करविले. त्यालगतचे १८ क्रमांकाचे लेणे हे येथील एकमेव चैत्यगृह होय. लेणे १७ मध्ये दत्तामित्री येथील इंद्राग्निदत्त या यवनाचा दानलेख आहे. परदेशी वंशाचे लोकही बौद्ध संघाचे दाते होते, हे त्यावरून दिसते.

लेणे १० मध्ये १६ खोल्या असून त्याचा दाता क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) हा होय. आपण गाईंची व गावांची दाने दिली, नद्यांवर फुकट नावांची सोय केली, असे तो लेखांत सांगतो. त्याची दाने ब्राह्मणांना आहेत, तशीच भिक्षुसंघालाही आहेत. येथील एका लेखात ४२ व्या वर्षी ठेवलेल्या ३,००० कार्षापणांच्या कायम ठेवीचा (अक्षयनीवी) तपशील येतो. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने व १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. मूळ रकमेला हात लावायचा नव्हता. पहिल्या ठेवीचे वर्षाचे २४० कार्षापण व्याज वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा याप्रमाणे चीवरांसाठी पुरत असे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला गेला. कारागिरांच्या श्रेणी आजच्या पेढीसारखे काम करीत व त्यांच्यावर राजकुलही विश्वास ठेवी, याचा हा थेट पुरावा होय.

लेणे ३ मध्ये याच्या पुढचा प्रसंग वाचावयास मिळतो. १८ व्या राज्यवर्षी गौतमीपुत्र सातकर्णीने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडली : पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. युद्धाचा निकाल असा जमिनीच्या कागदावर दिसतो. २४ व्या वर्षीची दुसरी आज्ञा त्याहून बोलकी आहे. आधी दिलेले शेत कसले जात नाही व गाव वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, त्यात राजपुरुषांनी शिरू नये व मिठासाठी खोदाई करू नये, असे तीत म्हटले आहे. ओसाड जमिनीची ही कबुली राजप्रशस्तीत कधी आली नसती.

प्रशस्तीही याच लेण्यात आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने हे विहार संघास अर्पण केले आणि पुत्राच्या पराक्रमाची नोंद कोरविली. शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरातांचा वंश निर्मूल करणारा, असे त्याचे वर्णन तीत येते. मातेची स्तुती म्हणून ते संशयाने पाहावे, असे कोणास वाटेल. परंतु १९०६ मध्ये नासिकजवळील जोगळटेंभी येथे नहपानाच्या सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे उमटविले होते. पराभूताची नाणी विजेत्याने पुन्हा चलनात आणली, हे त्यावरून सिद्ध होते.

संघर्षाचा निर्णय यामुळे निश्चित झाला, तरी त्याचा काळ वादग्रस्त राहिला. उषवदाताच्या लेखांतील वर्षे शक संवताची मानल्यास नहपान इ. स. १२० च्या आसपासचा ठरतो. ती त्याची राज्यवर्षे मानल्यास तो सु. अर्धशतक मागे जातो. सातवाहनांच्या कालगणनेचा मोठा भाग या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

पुढे यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापतीच्या पत्नीने दीर्घकाळ अपुरे पडलेले एक लेणे पूर्ण केले (क्र. २०). तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता या शक स्त्रीने श्रेणींकडे ठेव ठेवून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय केली. राजकुले बदलली, पण ठेवीची पद्धत टिकली. नंतर महायान पंथीयांनी काही लेण्यांत बुद्धमूर्ती कोरल्या व लेणे ११ मध्ये जैन मूर्ती आल्या.

अर्वाचीन काळी १८२३ मध्ये कॅप्टन डेलामेन याने ही लेणी पाहिली. लेखांच्या वाचनात भगवानलाल इंद्रजी यांचे कार्य पायाभूत असून एमिल सेनार याने त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. सध्या लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. मात्र येथील भिंतींचा प्रत्येक हात हा मूळ कागदपत्र आहे. त्यावर कोरलेले नाव किंवा फासलेला रंग एखादी ओळ पुसून टाकतो व तिची दुसरी प्रत कोठेही नाही.