विकावे केव्हा? : तीन सूत्रे आणि सत्यमची कसोटी

हैदराबादच्या तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाचे सान्निध्य आहे; राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थाही तेथेच. अशा पगारदार व निवृत्तांच्या वस्तीत समभाग घ्यावा कोणता, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो विकावा केव्हा, हे सांगणारा विरळाच. हा निर्णय मनाच्या लहरीवर न सोडता सूत्रावर सोपवावा, हा विचार जुना आहे. त्याची कठोर परीक्षा याच शहरात झाली.

विक्रीच्या सूत्रांचे तीन प्रकार प्रमुख होत. ग्रॅहॅम व डॉड यांनी 1934 मध्ये मांडलेल्या विचारानुसार ताळेबंदावरून समभागाचे मूल्य ठरवावे आणि भाव त्याहून फार वर गेला की विकावे. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठाने आपल्या निधीसाठी समभाग व रोखे यांचे प्रमाण बांधून घेतले. समभागांचे पारडे मर्यादेपलीकडे जड झाले की विक्री, हलके झाले की खरेदी. तिसरा मार्ग निकोलस डार्वास या नर्तकाने 1960 मध्ये लोकप्रिय केला : भाव ठरावीक मर्यादेखाली उतरताच कारण न विचारता विकणे.

आता सत्यम कॉम्प्युटर्सकडे पाहू. 2008 मध्ये तिचा भाव 544 रुपयांपर्यंत चढला होता. डिसेंबरच्या मध्यास तो सुमारे 226 होता. 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली आणि भाव एका दिवसात सुमारे 179 वरून 40 वर आला.

ताळेबंदच खोटा ठरल्याने पहिले सूत्र निरुपयोगी झाले. दुसऱ्याचा हिशेब असा : 544 च्या भावाचे 100 समभाग आणि तितकीच रोकड, म्हणजे एकूण 1,08,800 रुपये. 226 ला प्रमाण पुन्हा निम्मे-निम्मे करण्यासाठी आणखी 70 समभाग घ्यावे लागले असते आणि 40 च्या भावाला हाती सुमारे 45,300 उरले असते. काहीच न करणाऱ्याकडे 58,400 राहिले असते. शिखरापासून 25 टक्के घसरणीवर, 408 ला, विकणाऱ्याकडे मात्र 95,200 असते.

म्हणून तिसरे सूत्र श्रेष्ठ, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 8,000 च्याही खाली गेला. त्या पडझडीत या सूत्राने चांगल्या कंपन्यांचे समभागही विकायला लावले असते. 2009 अखेर सेन्सेक्स पुन्हा 17,000 च्या वर होता. प्रमाण राखून अनेक कंपन्यांचे समभाग घेत राहिलेल्यास त्याचा लाभ झाला.

येलचे सूत्र अनेक समभागांच्या निधीसाठी होते. बाजार सावरतो, हे त्यामागचे गृहीत. एकटी कंपनी सावरेलच, असे गृहीत धरता येत नाही. सूत्र निवडण्यापूर्वी ते कोणाच्या साक्षीवर विसंबते, ताळेबंदाच्या, भावाच्या की बाजाराच्या व्यापकतेच्या, हे तपासणे अगत्याचे आहे. निवृत्तिवेतनाची पुंजी एकाच नामवंत कंपनीत ठेवणाऱ्यास यांपैकी एकच साक्ष वेळेवर मिळाली असती, आणि तीही 7 जानेवारीच्या बरीच आधी ऐकली असती तरच.