रागवर्धनाच्या मागावर

शके ११६२, म्हणजे इ.स. १२४०. तुम्ही अंबाजोगाईत दगडाच्या भुकटीत उभे आहात. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचं हे गाव. त्याचा मुलगा राम गुजरातच्या लढाईत पडला, आणि त्याच्या नावानं बहीण लक्ष्मी देऊळ उभारते आहे. दोन पाथरवट शिळेवर अक्षरं कोरतायत. एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका. ठक्, ठक् आणि मध्येच थोडं लांबलेलं ठक्.

तुम्ही आजच्या काळातून आलेले. भजनाच्या ठेक्यावर, देवीच्या गोंधळातल्या संबळावर, तबल्याच्या तीनतालावर तुमचं अंग पोसलेलं. म्हणून त्या दोन छिन्न्यांमध्येही तुम्ही नकळत सम शोधता. मान हलवायला जागा हवी असते तुम्हाला. इथे ती सापडत नाही. आघात येतात, लांबी बदलते, पुन्हा येतात. या प्रवासात पुढे अनेकदा तुमची अशीच अडचण होणार आहे, म्हणून ही अस्वस्थता नीट ओळखून ठेवा.

मग बैलांच्या तांड्यासोबत निघा. बालाघाटाचा डोंगर उतरा, गोदावरी ओलांडा आणि देवगिरी गाठा. तिथे सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी आहे. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले. शार्ङ्गदेवाकडे राज्याचा हिशेब आहे, वैद्यकाचं ज्ञान आहे, आणि तो ‘संगीतरत्नाकर’ लिहितो आहे. सात अध्यायांचा ग्रंथ: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. तुम्ही त्याच्या पाचव्या अध्यायापाशी बसा.

या अध्यायात तो देशी ताल मांडतो. एक नाही, दोन नाही, १२० ताल. त्याची मापं साधी आहेत. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू दोन, प्लुत तीन. द्रुत अर्धी. द्रुताला विराम जोडला की त्याच्या निम्म्यानं वाढ होते, म्हणजे पाऊण मात्रा. हिशेबनिसाच्या हाताला अर्धा आणि पाऊण यांची भीती नसते, असं मला ही यादी पाहताना नेहमी वाटतं. आपण आठ, दहा, सोळा अशी घरं बांधतो आणि मग त्यांत आघात बसवतो. तो मात्र एकापुढे एक लांबी ठेवत जातो आणि जी बेरीज होईल ती होऊ देतो.

त्यातला एक ताल हातावर घ्या: रागवर्धन. द्रुत, विराम जोडलेलं द्रुत, पुन्हा द्रुत, आणि शेवटी प्लुत. अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्याला चारानं गुणा: दोन, तीन, दोन, बारा. टाळी द्या आणि मनात दोन मोजा. टाळी, तीन. टाळी, दोन. टाळी, आणि आता लांबलचक बारा. पहिल्या तीन टाळ्या उलट्या वाजवल्या तरी तशाच राहतात, दोन-तीन-दोन. मधला आघात जरासा लांबला आहे, एवढ्यानंच सगळी चाल किंचित लंगडी आणि विलक्षण देखणी झाली आहे. बसल्या जागी दहा वेळा वाजवा. हा ताल तुम्हाला पुढे सातशे वर्षांनी पुन्हा भेटणार आहे, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे.

मधली शतकं भराभर ओलांडा. देवगिरी पडते, यादव संपतात, पोथी मात्र नकलांमधून फिरत राहते. पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथ तिच्यावर टीका लिहितो. मैफलीतले ताल बदलत जातात. त्या १२० पैकी बहुतेकांचं नाव आणि माप ग्रंथातच उरतं, वाजवणारे हात राहत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोआनी ग्रोसे हा फ्रेंच अभ्यासक पॅरिसच्या एका मोठ्या संगीतकोशात भारतीय संगीतावर लिहितो आणि ती यादी तिथे छापली जाते. तो कोश एका तरुण ऑर्गनवादकाच्या हाती पडतो.

१५ जानेवारी १९४१. बर्फ. जर्मनीतल्या गोर्लित्सजवळची युद्धकैद्यांची छावणी, स्टालाग आठ-अ. ती जागा आज पोलंडमध्ये आहे. तुम्ही एका लाकडी बराकीत कैद्यांच्या दाटीत बसला आहात. समोर चौघे: क्लॅरिनेटवर आन्री आकोका, व्हायोलिनवर जाँ ल बुलेर, चेलोवर एतिएन पास्किए, आणि एका खराब पियानोपाशी ३२ वर्षांचा ओलिव्हिए मेसियाँ, फ्रेंच सैन्यातून पकडलेला. ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ ही त्याची रचना आज पहिल्यांदा वाजते आहे.

पहिला भाग सुरू होतो. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्षी झाले आहेत, चेलोचे स्वर काचेसारखे पातळ. तुम्ही पियानोकडे लक्ष द्या. मेसियाँचे हात स्वरसमूह दाबतायत: चार, चार, चार, दोन, तीन, दोन.

ओळखलंत? तो रागवर्धन आहे. मेसियाँनं त्याला पाठीमागून धरलं आहे. शेवटचं बारा पुढे आणलं, त्याचे तीन समान तुकडे केले, आणि मागाहून ते लंगडं दोन-तीन-दोन सोडलं. त्याला जोडून शार्ङ्गदेवाच्याच यादीतले चंद्रकला आणि लक्ष्मीश येतात. तिन्ही मिळून १७ आघात, आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे आवर्तन आहे! मग सम का लागत नाही? कारण स्वरसमूहांची साखळी १७ ची नाही, २९ ची आहे. ताल आपल्या आरंभाला परततो तेव्हा स्वर कुठल्यातरी मधल्याच ठिकाणी असतात. १७ आणि २९ यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून दोघांचे आरंभ एकत्र यायला ४९३ आघात लागतील. तो भाग जेमतेम तीन मिनिटांचा. भेट व्हायच्या आतच संगीत थांबतं. आपल्याकडे मुखडा आणि सम एकमेकांना गाठतात यातच श्रोत्याचं सुख असतं. त्या बराकीत, जिथे कुणालाच सुटकेची तारीख ठाऊक नाही, हा माणूस गाठ न पडण्यातून संगीत उभं करतो. मला या रचनेसमोर दर वेळी हात जोडावेसे वाटतात.

इथे एक मोह होतो आणि तो टाळा. ‘हे सगळं आमचंच’ असं म्हणून छाती फुगवू नका. मेसियाँनं हे ताल हातानं वाजताना ऐकले नव्हते, छापील यादीत वाचले होते. देवगिरीच्या दरबारात या मापांभोवती गाणं होतं, नाच होता, पावलं होती. ते सगळं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पोचल्या त्या निव्वळ लांब्या. परंपरा सोबत असती तर त्यानं ताल उलटा धरायचं धाडस केलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. गमावणं आणि सापडणं दोन्ही इथे एकदमच घडलं. मराठवाड्याच्या मातीत लिहिलेलं माप जगाच्या नव्या संगीतात गेलं हे खरं, आणि ते आपण वाजवायचं थांबलो होतो हेही तितकंच खरं.

१९५१ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या डार्मश्टाटला फक्त डोकावून या. आंत्वान गोलेआ या समीक्षकानं मेसियाँच्या एका पियानोरचनेची ध्वनिमुद्रिका आणली आहे. तिच्यात प्रत्येक स्वराला स्वतःची लांबी आणि स्वतःचा जोर ठरवून दिलेला आहे. २२ वर्षांचा कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन ती पुन्हा पुन्हा ऐकतो आणि पुढच्याच वर्षी मेसियाँच्या वर्गात बसायला पॅरिसला जातो. मोजमापाचा हा रस्ता टोकापर्यंत जाणार आहे. तुम्ही दुसरा धरा.

२१ डिसेंबर १९६०, न्यूयॉर्कचा स्टुडिओ. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन दोन चौकड्या समोरासमोर उभ्या करतो. दोन सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या जोड्या म्हणा, पण दुसरीकडे एरिक डॉल्फीच्या हातात बास क्लॅरिनेट आहे. दोन डबल बास, दोन ड्रमवादक. मुद्रिकेत एक चौकडी डाव्या कानात, एक उजव्या कानात. ‘फ्री जॅझ’ सुमारे ३७ मिनिटं चालतं, सलग. पहिल्या दोन मिनिटांत तुम्हाला वाटेल की आठही जण भांडतायत. घाई करू नका. उजवा कान विसरा आणि डाव्या कानातल्या बिली हिगिन्सच्या झांजेला धरून बसा. लय आहे, चांगली चालती लय आहे. फक्त ती कुणाला कुठे उतरायचं ते सांगत नाही. दोन एकलवादनांच्या मध्ये सगळे मिळून एक छोटी ठरवलेली फेक घेतात आणि पुन्हा विखुरतात. तेवढीच त्यांची भेटण्याची जागा.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, त्याच शहरातल्या व्हिलेज व्हॅनगार्डच्या तळघरात उतरा. जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर ‘इंडिया’ वाजवतो आहे. डॉल्फी इथेही आहे. रेजी वर्कमन आणि जिमी गॅरिसन या दोघांचे बास एकाच षड्जाभोवती घुमतायत. तुम्हाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटेल, कारण सूर सोडून जात नाही. कोल्ट्रेनला रविशंकरांच्या वादनाची ओढ होती, चार वर्षांनी मुलगा झाला तेव्हा त्यानं त्याचं नाव रवी ठेवलं. अनोळखी संगीतात शिरायला मराठी श्रोत्यानं हे दार धरावं, असं मी आग्रहानं सांगेन. सम सुटली तरी सा हाताशी असतो.

आता महाराष्ट्रात परत या. साठचं दशक संपत आलं आहे. पवईच्या तलावाजवळ स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात एक उंचापुरा अमेरिकन सॅक्सोफोनवादक राहतो आहे. सनी रॉलिन्स. याआधी १९५९ ते ६१ अशी दोन वर्षं त्यानं मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्यानं रियाज केला होता. १९६२ मध्ये ट्रम्पेटवादक डॉन चेरीला सोबत घेऊन मुक्त वादनाच्या अंगानं तो बराच दूर जाऊन आला, आणि आता सगळं बाजूला ठेवून वेदान्त ऐकतो आहे. ध्यानाला बसणं जमत नाही म्हणून तो कष्टी असतो. स्वामी त्याला समजावतात की वाजवणं हाच तुझा योग आहे.

१९७८. त्याच रॉलिन्सला ऐकायला तुम्ही बीडहून एसटीनं रात्रभर अंग आंबवत मुंबईला आला आहात. धोबीतलावाचं रंगभवन, वर उघडं आकाश. निरंजन झवेरींच्या जॅझ इंडियानं पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली आहे. रॉलिन्सचं खास अंग म्हणजे साथीदारांना थांबवून एकट्यानं वाजवत सुटणं. एखादी ओळखीची धून उचलायची, तिचा एक तुकडा तोडायचा, तो उलटासुलटा करून दुसऱ्याच गाण्याचा धागा त्याला बांधायचा, आणि मूळ धून तुम्ही विसरलात असं वाटताच तिचं टोक दाखवायचं. ड्रम नाही, बास नाही, सा धरणारं कुणी नाही. तरी तुम्ही घसरत नाही. ख्यालात तोडी रंगवणारा गवई एकेका स्वरावर मुक्काम करतो तेव्हा जो धीर लागतो, तो तुमच्याकडे आधीपासून आहे. फक्त आजवर तो तुम्ही कधी या कामाला लावला नव्हता.

परतीची एसटी आजच्या काळातली घ्या, म्हणजे मोबाइल चालेल. पुणे, नगर गेलं. कानात डेरेक बेली लावा. हा शेफील्डचा गिटारवादक आधी नाचगाण्याच्या बँडमधून पोट भरायचा. १९७० मध्ये त्यानं इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली यांच्यासह ‘इन्कस’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. उत्स्फूर्त वादनावरच्या त्याच्या १९८० च्या पुस्तकाची सुरुवात भारतीय संगीतापासून होते. त्याच वर्षीची ‘आयडा’ ही मुद्रिका: एकटी गिटार, धून नाही, ठेका नाही, षड्जही नाही. तार खरडते, टिचते, एखादा स्वर घंटेसारखा लांबतो. मघापासून तुम्ही एकेक आधार सोडत आलात, आता शेवटचाही सुटला. लांबी ऐका, दोन आघातांमधलं अंतर ऐका. शार्ङ्गदेवाच्या हिशेबात हेच तर होतं.

कडा गाव सोडून गाडी आष्टीकडे लागते. शेजारी बसलेला माणूस मघापासून तुमच्या तोंडाकडे बघतो आहे.

“काय ऐकायलात भाऊ एवढं?”

तुम्ही एक इअरफोन त्याच्या हातावर ठेवता. तो कानात घालतो, कपाळाला आठ्या घालून ऐकतो.

“तबला नाही व्हय ह्यात?”

“नाही.”

“मंग ह्यो थांबायचा कधी, ते कसं कळतंय?”

“त्यालाच कळतं.”

तो जरा वेळ ऐकतो. तुकडा संपतो, टाळ्या वाजतात.

“लावा पुढचं,” तो म्हणतो.