एका विहिरीचे गाव

एक सोपा प्रयोग करून पाहू. ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात मेणबत्ती उभी करू, ती पेटवू आणि तिच्यावर दिव्याची उंच काच ठेवू. खालून हवा मिळत नाही, म्हणून ज्योत विझू लागते. आता वरून काचेत पुठ्ठ्याची उभी पट्टी सोडू. ज्योत पुन्हा तग धरते. पट्टीच्या एका बाजूने गरम हवा वर जाते, दुसऱ्या बाजूने ताजी हवा खाली येते. याच पट्टीच्या भरवशावर एकेकाळी एक अख्खे गाव जगत होते.

इंग्लंडच्या ईशान्येस, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याजवळ न्यू हार्टली हे गाव आहे. जवळची जुनी कोळशाची खाण पाण्याने भरली, म्हणून १८४५ साली येथे नवी खाण खणायला घेतली आणि तिच्याभोवती कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा वर्षांची मुलेही खाणीत उतरत. १८६० च्या कायद्याने दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक अट घातली: लिहितावाचता येत असल्याचा दाखला हवा. शाळेच्या दाखल्याचा असाही उपयोग होता!

खाणीत उतरायला सुमारे ६०० फूट खोल आणि बारा फूट रुंद अशी एकच उभी विहीर होती. फळ्यांच्या पडदीने तिचे दोन भाग केले होते आणि हवा खेळती राहावी म्हणून खाली भट्टी पेटती ठेवत. खाणीत पाणी फार. ते उपसायला विहिरीच्या तोंडाशी वाफेचे प्रचंड इंजिन होते. त्याची बिडाची तुळई ४० टनांहून जड होती.

१६ जानेवारी १८६२ च्या सकाळी पाळी बदलत असताना ही तुळई मधोमध मोडली. बीड दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. तिचा अर्धा भाग विहिरीत कोसळला, पडदी मोडली आणि वाट बुजली. पाळण्यातून वर येणाऱ्या आठांपैकी पाच जण मेले. खाली १९९ माणसे आणि मुले अडकली.

सहा दिवस ढिगारा उपसणे चालले होते. २२ जानेवारीला आत पोचता आले, तेव्हा कोणीही जिवंत नव्हते. हवा खेळणे थांबले आणि कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला. एका मुकादमाच्या वहीत १७ तारखेच्या दुपारची नोंद सापडली. दुसऱ्या दिवशीही ती माणसे जिवंत होती, प्रार्थना करीत होती. एकूण २०४ जीव गेले. काही घरांतून बाप आणि मुलगे एकदमच गेले.

हे अज्ञानामुळे घडले का? नाही. बीड ठिसूळ असते हे ठाऊक होते. दोन विहिरींच्या खाणीही आधीपासून होत्या. पण दुसरी विहीर खणायला पैसा लागतो, पडदी स्वस्तात होते. ऑगस्ट १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने नव्या खाणींना दोन वाटा सक्तीच्या केल्या आणि जुन्या खाणींना मुदत घालून दिली. विज्ञानाला जे आधीच माहीत होते, ते कायद्यात यायला २०४ माणसे मरावी लागली.

वर्गात हा प्रयोग करू, तेव्हा शेवटी पुठ्ठ्याची पट्टी काढून घेऊ. ज्योत विझताना मुलांना न्यू हार्टलीची गोष्ट सांगू.